गडूपाशी पडलेली फुले : एका स्थिरचित्राचे वाचन

आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि सोबतची तिन्ही छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. नागपुरातल्या धंतोलीतील आपल्या घरी मामेसासऱ्यांनी १९६४ साली रंगवलेले एक तैलचित्र दिवाणखान्यात लागलेले आहे. पितळी गडूत निशिगंधाच्या काड्या आणि पिवळी शेवंती आहे, त्यांच्यामागे केशरी फुलांची एक फांदी वर गेली आहे, गडूच्या पायाशी टेबलावर दहाबारा पांढरी फुले पडली आहेत, उजवीकडे मिटलेला चष्मा आहे आणि मागची बाजू जवळजवळ काळी आहे. दिवाळीत घरी आलेल्या एका नातेवाइकांनी गळलेली फुले, मिटलेला चष्मा आणि काळोख यांचा मेळ घालून हे मृत्यूचे चित्र आहे, वास्तुशास्त्राप्रमाणे ते दिवाणखान्यात नसावे, असे सांगितले. मुलीने शोधाशोध करून युरोपात अशा चित्रांना ‘वॅनिटास’ म्हणतात, असा दुजोराही दिला. या चित्राचा खरा अर्थ काय आणि ते भिंतीवरून उतरवावे का, असे आपण विचारता.

माझ्या समजुतीप्रमाणे आपली खरी अडचण अर्थ शोधण्याची नाही. अर्थ आपल्याला आयता मिळालेला आहे. तो मान्य करावा की नाही, आणि कशाच्या आधारावर, ही अडचण आहे. नागपुरात तीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांना स्थिरचित्र, म्हणजे फुले-भांडी अशा वस्तू मांडून काढायचे चित्र, शिकवताना मला हा पेच वारंवार दिसला. गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य, कोमेजलेले फूल म्हणजे मरण, अशी फुलांची एक यादी मुले कुठून तरी पाठ करून येतात आणि ती चित्रावर चिकटवून मोकळी होतात. चित्रात प्रत्यक्ष कोणते फूल आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि ते तिथे आले कसे, हे पाहायचे राहूनच जाते. माझा क्रम उलटा आहे. चित्रकाराच्या समोर काय होते, त्यातले त्याने काय घेतले आणि काय आपल्या हाताने बदलले, हे आधी शोधावे. प्रतीकांचा विचार त्यानंतर करावा. मी छायाचित्रावरून बोलतो आहे, त्यामुळे काही गोष्टी आपल्याला मूळ चित्रासमोर उभे राहून ताडून पाहाव्या लागतील. तशा जागा पुढे सांगतोच.

पडलेल्या फुलांपासून सुरुवात करू, कारण सारा आक्षेप त्यांच्यावरच उभा आहे. दुसरे छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर मला त्या पांढऱ्या फुलांपैकी निदान चार पालथी दिसतात आणि त्यांचे देठ वर आलेले आहेत. हे देठ हिरवे नाहीत, केशरी आहेत. पाकळ्या अरुंद आहेत आणि किंचित पीळ घेतलेल्या आहेत. म्हणजे ही निशिगंधाची गळलेली फुले नव्हेत, शेवंतीच्या पाकळ्याही नव्हेत. हा पारिजातक आहे. एवढे एक कळले की चित्र फिरते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे आपण होऊन जमिनीवर उतरतो. तो पडलेला असतो तेव्हाच सर्वांत ताजा असतो. जमिनीवर पडलेले फूल एरवी आपण देवाला वाहत नाही, पण पारिजातकाला त्यातून सूट आहे. आपल्या घरांत तो सडा वेचूनच परडी भरतात. ज्या फुलाचे पडणे हेच त्याचे उमलणे असते, त्याच्या पडण्यात मराठी घरातला १९६४ सालचा चित्रकार मरण पाहील, हे मला पटत नाही. निदान ते त्याच्या मनात सर्वांत आधी आलेले नसावे.

याला आणखी एक पुरावा आहे आणि तो निशिगंधाच्या काडीत आहे. निशिगंध खालून वर उमलत जातो. काडी पाण्यात ठेवली की खालच्या कळ्या आधी उघडतात, मग वरच्या. आणि वरच्या उघडेपर्यंत खालच्या कडेने तपकिरी होऊ लागतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्यासाठी निशिगंधाची काडी म्हणजे एक घड्याळच असते. आपल्या चित्रातील डावीकडच्या काडीवर तळाचे एक फूल सुकले आहे, त्यावरची पाच-सहा पूर्ण उघडी आहेत आणि शेंड्याला अजून मिटलेल्या कळ्या आहेत. म्हणजे ती काडी पाण्यात ठेवून तीन-चार दिवस झाले असावेत. पारिजातकाला मात्र इतकी उसंत नसते. सकाळी नऊ-दहापर्यंत त्याच्या पाकळ्या पाणचट होऊन आक्रसू लागतात. चित्रातली फुले अजून ताठ आहेत. तेव्हा एक गोष्ट उघड आहे : ती गडूतून गळलेली नाहीत. पारिजातक कोणी गडूत लावत नाही. चित्रकाराने सकाळी अंगणातून, स्वतःच्या किंवा शेजारच्या, ती वेचून आणली आणि जुन्या झालेल्या मांडणीच्या पायाशी ठेवली. बहुधा एकाहून अधिक सकाळी. दोन तासांच्या आत ती रंगवायची तर हात चालवावाच लागतो, आणि ती घाई रंगातही दिसते : निशिगंधाची फुले थांबून, छटा जुळवत केलेली आहेत, तर पारिजातकाची एकेक पाकळी ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात उतरली आहे आणि देठ ओल्या पांढऱ्यात सरळ केशरी रंग ओढून काढला आहे. त्या देठांच्या टोकाशी केशरी थोडा पांढऱ्यात मिसळून फिकट झाला आहे, तो दोष समजू नये. मला तर चित्रातला तो सर्वांत जिवंत भाग वाटतो.

फुलांचा स्वभाव असा आधी ओळखण्याची सवय आमच्या धंद्यातच लागते. वर्गात फुलांची मांडणी केली की मी पहिला प्रश्न विचारतो, यातले सर्वांत आधी कोण मान टाकणार? ते आधी रंगवायचे. मे महिन्यात सीताबर्डीच्या फूल बाजारातून सकाळी आणलेला गुलाब दुपारच्या वर्गापर्यंत टिकत नाही, कूलर लावला तरी वाऱ्याने पाकळ्या हलत राहतात. शेवंती मात्र थंडीत आठवडाभर साथ देते. त्यामुळे कोणत्याही फुलांच्या चित्रात एकाच वेळी अनेक घड्याळे चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहण्यात निम्मे वाचन होऊन जाते.

आपल्या चित्रात एक घड्याळ जुळत नाही. पारिजातक, शेवंती आणि निशिगंध ही आश्विन-कार्तिकाच्या सुमारास एकत्र मिळू शकतात. पण मागची केशरी फांदी मला पळसाची दिसते, आणि पळस फुलतो तो फाल्गुनाच्या आगेमागे. छायाचित्रात तो कोपरा काळवंडलेला असल्यामुळे पांगारा असण्याची शक्यता मी पूर्ण नाकारत नाही. परंतु पांगाराही वसंताच्याच तोंडावर फुलतो, त्यामुळे मुद्दा बदलत नाही. शिवाय त्या फांदीवर फुलांच्या शेजारी त्रिदली पाने स्पष्ट काढलेली आहेत. पळसाला पाने तीनच हे खरे असले तरी भर बहरातल्या पळसावर बहुतेक पाने नसतातच. विदर्भातल्या कोणत्याही रस्त्याने मार्चमध्ये गेलेल्या माणसाला ते ठाऊक आहे. फुले आणि भरगच्च पाने एकाच फांदीवर काढणारा चित्रकार समोरची फांदी पाहत नव्हता, त्याला ते झाड आठवत होते.

ऋतू न जुळणे ही या चित्रप्रकारातली चूक मानली जात नाही, हे इथेच सांगायला हवे. सतराव्या शतकातील डच आणि फ्लेमिश चित्रकारांनी फुलांची जी प्रसिद्ध चित्रे केली त्यांत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब सर्रास एकाच पात्रात असतात. थोरल्या अँब्रोशियस बॉसखार्टचे सुमारे १६१८ चे, हेग येथील मॉरिट्सहाउस संग्रहालयात असलेले, खिडकीतल्या पुष्पपात्राचे चित्र पाहा. असा गुच्छ एका दिवशी कोणाच्याही घरी नव्हता. फुलांचे सुटे अभ्यास करून ठेवायचे आणि त्यांतून चित्र रचायचे, अशी त्यांची रीत होती. यान फान हाउसम या चित्रकाराला प्रत्यक्ष फूल समोर हवे असे, म्हणून तो त्या फुलाच्या हंगामाची वाट पाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षे नोंदलेली आहेत, आणि पिवळा गुलाब न मिळाल्यामुळे चित्र अडून राहिले आहे, असे त्याने १७४२ मध्ये एका ग्राहकाला कळवले होते. आपल्या मामेसासऱ्यांनी मात्र फाल्गुनाची वाट पाहिली की आठवणीवर भागवले, हे ठरवण्याचा एक सोपा उपाय आहे. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च चित्राच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. तिरकस प्रकाशात रंगाचे उंचवटे दिसू लागतात. पळसाच्या पाकळ्यांखालून मागच्या काळ्या रंगाचे फटकारे आरपार गेलेले दिसले, तर पार्श्वभूमी वाळून गेल्यावर फांदी वर चढवली आहे, असे समजावे. दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले दिसले, तर ती त्याच बैठकीतली आहे. कडा इतक्या स्वच्छ दिसतात की माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे.

मग ती फांदी घातली कशासाठी? इथे मला तर्कच करावा लागेल. फांदीवर हाताचा पंजा ठेवून चित्र पाहा. वरचा डावा कोपरा मेल्यासारखा होतो, आणि पारिजातकाचे केशरी देठ तळाशी एकटे पडतात. हात काढला की नजर खालच्या केशरीवरून वरच्या केशरीकडे जाते आणि गडूच्या पितळी उजेडावरून परत खाली येते. चित्र टेबलाइतके बुटके राहिले होते, त्याला उंची हवी होती आणि खालच्या रंगाला वरून उत्तर हवे होते. चित्रकाराच्या निर्णयांमागे असली साधी, हाताशी संबंधित कारणे नेहमी अधिक असतात. त्यापलीकडे शरदातल्या फुलांवर वसंत डोकावतो आहे, असे कोणाला वाटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण ते वाटणे दुसऱ्या पायरीवरचे आहे.

आता आपल्या मुलीने शोधलेल्या ‘वॅनिटास’कडे येतो. तिने सांगितले ते चुकीचे नाही, पण ते कोणाला लागू पडते, ते पाहिले पाहिजे. बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथात सारे काही व्यर्थ असल्याचा जो घोष आहे, त्यावरून त्या चित्रांना हे नाव पडले. त्यांत कवटी, वाळूचे घड्याळ, नुकतीच विझलेली मेणबत्ती, खिशातले घड्याळ अशी खुणेची सामग्री असते, आणि ती पाहणाऱ्या प्रोटेस्टंट गिऱ्हाइकाला तिचा संकेत ठाऊक असतो. बॉसखार्टच्या चित्रातही किडीने खाल्लेली पाने आहेत, माशी आहे. तरीसुद्धा तिथल्या प्रत्येक फुलांच्या चित्रात उपदेशच आहे, असे म्हणता येत नाही. ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला, त्याआधी दुर्मीळ कंदांना डोळे फिरवणारे भाव आले होते. अशा काळात भिंतीवरच्या ट्यूलिपमध्ये श्रीमंतीची हौस आणि वनस्पतिशास्त्राचे कुतूहल हेही तितकेच होते. राखेल राइश ही विख्यात पुष्पचित्रकार तर शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या बापाची मुलगी होती.

आपल्याकडचे फूल वेगळ्याच वाटेने चित्रात आले. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले रंगवली, अशी नोंद बादशहाच्या आठवणींत आहे. ती फुले कौतुकाची आणि निरखण्याची आहेत. ताजमहालाच्या भिंतींवर, म्हणजे प्रत्यक्ष कबरीच्या इमारतीवर, संगमरवरात कोरलेली फुले आहेत आणि ती टवटवीत आहेत. आणि घरातल्या रोजच्या व्यवहारात सुकलेल्या फुलाला आपल्याकडे निर्माल्य म्हणतात. ते टाकून देताना पायदळी येऊ नये एवढी काळजी आपण घेतो, यावरून त्याचे स्थान कळते. वास्तुशास्त्र हा माझा विषय नाही, त्यामुळे त्यातला शब्द मी खोडणार नाही. परंतु त्या आक्षेपाचा आधार ‘चित्रात कोमेजलेली फुले आहेत’ हा असेल, तर काडीच्या तळाचे एक सुकलेले फूल सोडता तो आधार चित्रात नाही.

राहिला काळोख, आणि इथे माझा संशय चित्रकारावर नसून साठ वर्षांच्या धुळीवर आहे. आज दिसणारा रंग हाच लावलेला रंग, असे धरून चालता येत नाही. व्हॅन गॉगने मे १८९० मध्ये रंगवलेले गुलाब आज पांढरे दिसतात, ते मुळात गुलाबी होते. त्यातला तांबडा रंग उडून गेला. जुन्या डच चित्रांतली कित्येक पाने निळसर दिसतात, कारण निळ्यावर चढवलेला पिवळा थर विटला. आपल्या चित्रावरचा निशिगंध लोण्यासारखा पिवळट दिसतो आहे; निशिगंध तसा नसतो. वरचे वॉर्निश पिवळे पडले आहे. तिसऱ्या छायाचित्रात चौकटीच्या आतली, इतकी वर्षे झाकलेली बोटभर पट्टी दिसते, तिथे पार्श्वभूमी काळी नसून गडद हिरवट तपकिरी आहे. दिवाणखान्यात समई, उदबत्ती लागत असेल तर काजळीचाही वाटा आहे. एका जुन्या चित्राची सफाई झाल्यावर त्यातला ‘गूढ अंधार’ म्हणजे विटलेल्या वॉर्निशखाली झाकलेला हिरवा पडदा निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या अंधारावर मी आदल्या वर्षीच विद्यार्थ्यांपुढे बरेच बोललो होतो.

स्वतःची फजिती सांगतोच आहे तर चष्म्याच्या निमित्ताने दुसरीही सांगतो. रामदासपेठेतल्या एका घरी फुलदाणीशेजारी मनगटी घड्याळ ठेवलेले जलरंगातले चित्र होते. मी काळ, क्षणभंगुरता वगैरे बराच वेळ समजावून सांगितले. घरातल्या आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, दादा रंगवायला बसला की हात पाण्यात जातात म्हणून घड्याळ काढून ठेवायचा, ते तिथंच राहिलं.” तेव्हापासून फुलांशेजारच्या वस्तूंबाबत मी आधी घरच्यांना विचारतो.

आपल्या चित्रातल्या चष्म्याबाबत एक गोष्ट मात्र नजरेत भरते. भिंगे आपल्या बाजूला आहेत आणि काड्या पलीकडे मिटलेल्या आहेत. आपण चष्मा काढून समोर ठेवतो तेव्हा बहुधा काड्या आपल्याकडे येतात. म्हणजे हा चष्मा चित्रकाराने स्वतःच्या जागेवरून ठेवलेला नसून टेबलाच्या पलीकडे बसलेल्या कोणाचा तरी असू शकतो. मी यावर पैज लावणार नाही. उजेडाचा कवडसा भिंगावर घेण्यासाठी त्याने तो फिरवूनही ठेवला असेल. पण गडूकडेही जरा पाहा. पितळेच्या फुगीर पोटावर डावीकडे उभा पांढरा पट्टा आहे आणि त्यात दोन काळ्या रेघा आहेत; ते गजांच्या खिडकीचे प्रतिबिंब आहे. त्या खिडकीच्या उजवीकडे एक गडद ठिपका आहे. गोल भांड्यात समोरची सगळी खोली उतरते, चित्रकारसुद्धा. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील संग्रहालयात फ्लेमिश चित्रकार क्लारा पीटर्सचे १६१२ चे एक चित्र आहे, त्यात फुलांशेजारच्या सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर तिने स्वतःला अनेकदा इवलेसे रंगवले आहे. आपल्या गडूतला ठिपका बसलेल्या माणसाचा आहे की नुसती सावली, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. भिंग घेऊन मूळ चित्रात पाहावे.

आतापर्यंतचे एकत्र धरले तर माझे वाचन असे होते : शरदातल्या काही सकाळी, गजांच्या खिडकीशी, कोणीतरी पाणी घालत ठेवलेल्या गडूसमोर हा माणूस बसत होता, आणि जुन्या होत चाललेल्या मांडणीला रोज वेचलेल्या फुलांनी ताजी करत होता. नंतर कधीतरी त्याने तिच्यावर पळस चढवला. आपण लिहिता की ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. तैलरंगातले स्थिरचित्र रीतसर शिकण्याची सोय नागपुरात त्याआधीपासून होती, प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात इथल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. त्यामुळे मांडणीतली शिस्त मला आश्चर्याची वाटत नाही. परिस्थिती कळल्यावर अर्थ बदलू शकतो, हेही मान्य करतो. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने १८८२-८३ मध्ये आजारपणात, मित्रांनी आणलेल्या फुलांचे छोटे गुच्छ रंगवले आणि एप्रिल १८८३ मध्ये तो गेला. ते ठाऊक असलेल्याला ती प्रसन्न चित्रे वेगळी दिसतात. त्या वर्षी आपल्या घरात असे काही घडले असेल, तर माझे वाचन अपुरे ठरेल.

चित्र उतरवू नये, पण जागा बदलावी. पहिल्या छायाचित्रात कूलरची खिडकी त्याच भिंतीला आहे. चार महिने ओला वारा आणि मग कोरडी थंडी, यात कॅनव्हास सैल-ताठ होत राहतो आणि रंगाला तडे जातात. आतल्या भिंतीवर, उजेडात पण ऊन येणार नाही अशा ठिकाणी लावा. बटाट्याची फोड, पाव किंवा ओले फडके फिरवून ते पुसू नका. वॉर्निश काढणे हे जुन्या चित्रांची सफाई आणि जतन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे काम आहे. उतरवाल तेव्हा पाठीमागे काही लिहिलेले आहे का, तेही पाहून घ्या. आणि सासूबाईंना चित्राचा अर्थ विचारू नका. १९६४ मध्ये त्यांच्या माहेरी गोल भिंगांचा चष्मा कोण लावत असे आणि पारिजातकाचे झाड कोणाच्या अंगणात होते, एवढेच विचारा.